कंपनी एकच, अनुभव उलटसुलट: कोणाचं खरं मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीकडून नोकरीची ऑफर आली आहे. तिथे काम केलेल्या दोघांशी बोलणं झालं. एक म्हणाला, तिथली वर्षं म्हणजे नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं. दुसरा म्हणाला, मॅनेजमेंट म्हणजे निव्वळ राजकारण, चुकूनही जाऊ नका. दोघंही प्रामाणिक वाटले. मग खरं कोणाचं, आणि आत जाण्याआधी तिथलं वातावरण कळण्याचा काही मार्ग आहे का?

मोठ्या कंपन्यांच्या एचआरमध्ये माझी बरीच वर्षं गेली, त्यातली पुष्कळशी अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या मोसमात मॅनेजर लोकांची भांडणं सोडवण्यात. त्या खुर्चीवरून जे दिसलं त्यावरून सांगतो: दोघांचंही खरं असण्याचीच शक्यता जास्त आहे.

हजारो माणसांच्या कंपनीला एक आणि एकच संस्कृती असते, ही समजूत कंपनीच्या जाहिरात विभागाला सोयीची आहे. भिंतीवर लावलेली मूल्यं सगळ्यांना सारखीच असतात. पण माणसाचा रोजचा दिवस कसा जाणार हे त्याचा मॅनेजर आणि त्या मॅनेजरचा मॅनेजर ठरवतात. त्याहून वरची मंडळी वर्षातून एकदोनदा टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सभेत दिसतात, बाकी त्यांचे फक्त मेल येतात. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने २०१५ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता की, वेगवेगळ्या टीम्समधल्या लोकांचं कामात मन किती आहे यात जो फरक पडतो, त्यातला किमान ७० टक्के फरक मॅनेजरमुळे पडतो. एकाच मजल्यावर, एकाच कँटीनमध्ये जेवणाऱ्या दोन टीम्स दोन वेगळ्या कंपन्यांत असल्यासारख्या जगतात, ते यामुळे.

गूगलमध्ये याच्या उलट मानणारे लोक होते. इंजिनियरला मॅनेजर कशाला हवा, असं म्हणून २००२ मध्ये त्यांनी इंजिनियरिंगमधले मॅनेजर काढून पाहिले. प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन लोक थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले. पुढे त्याच कंपनीने स्वतःची आकडेवारी तपासून चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले, त्याला ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ असं नाव होतं. त्या आठांत टीमला शिकवत, सांभाळत पुढे नेणं सगळ्यात वर आलं आणि तांत्रिक हुशारी सगळ्यात खाली. मोठ्या कंपन्यांत मॅनेजर मात्र अजूनही बहुतेक वेळा याच्या उलट क्रमानेच निवडले जातात: जो कामात सगळ्यात हुशार, त्याच्या हाताखाली दहा माणसं द्यायची. त्याला माणसं सांभाळण्यात रस आहे का, हे कोणी विचारत नाही. त्यालाही पगार वाढवायचा तर दुसरी वाट नसते. मला विचाराल तर वाईट मॅनेजरांच्या तक्रारींपैकी मोठा हिस्सा दुष्ट माणसांचा नसतोच, नको असलेल्या कामात अडकलेल्या माणसांचा असतो. अर्थात ज्याला रात्री अकराला फोन येतो, त्याला या भेदाने काही फरक पडत नाही.

पण सगळं मॅनेजरच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. एकाच प्रकारची तक्रार पाच वेगवेगळ्या विभागांतून यायला लागली की समजावं, हा कोणा एकाचा स्वभाव नाही, ही कंपनीची घडण आहे. १९७५ मध्ये स्टीव्हन केर या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने साधी गोष्ट लिहून ठेवली होती: संस्था अपेक्षा एकाची करतात आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला देतात. अपेक्षा टीमवर्कची असते, बढती एकट्याने चमकणाऱ्याला मिळते. अपेक्षा दर्जाची असते, आणि शाबासकी तारखेच्या आत काहीतरी पाठवून देणाऱ्याला. लोक मूर्ख नसतात. कशाला काय मिळतं हे त्यांना दोन अप्रेझलमध्ये कळतं, आणि तिसऱ्या वर्षापासून ते तसंच वागायला लागतात. त्या वागण्यालाच बाहेरचे लोक ‘तिथली संस्कृती’ म्हणतात.

अप्रेझलवर थोडं थांबतो, कारण ‘राजकारण’ आणि ‘वशिलेबाजी’ या दोन शब्दांत लोक जे सांगतात त्याचा उगम बऱ्याचदा तिथे असतो. कर्मचाऱ्याला वाटतं, माझं रेटिंग माझ्या मॅनेजरने ठरवलं. प्रत्यक्षात मॅनेजर फक्त प्रस्ताव देतो. त्यानंतर एक कॅलिब्रेशनची बैठक होते. सात-आठ मॅनेजर, त्यांचा वरिष्ठ आणि एचआरचं एक माणूस पडद्यावर सगळ्यांची नावं लावून बसतात. वरच्या रेटिंगमध्ये किती टक्के लोक बसवायचे आणि खालच्यात किती, हे आधीच आलेलं असतं, कारण पगारवाढीसाठीची रक्कम ठरलेली असते. आता प्रत्येकाने चार चांगली नावं आणली असतील तर कोणाची तरी खाली ओढावी लागतात. त्या खोलीत तुमचं काम बोलत नाही. तुमच्या वतीने तुमचा मॅनेजर बोलतो. तो मुळात भिडस्त असेल, कंपनीत नवा असेल, किंवा त्याच्या वरिष्ठाशी त्याचं पटत नसेल, तर त्याची अख्खी टीम एक पायरी खाली येते. खालच्या रेटिंगचा कोटा भरायला सगळ्यात सोपी नावं कोणती? सहा महिन्यांपूर्वी आलेला माणूस, दीर्घ रजेवरून परतलेली बाई, मधेच टीम बदललेला कोणी, आणि ज्याने नोटीस दिलीच आहे तो. यात कोणाचा खुनशीपणा असायलाच हवा असं नाही. बैठक संपायला हवी असते, एवढंच.

बाहेर आल्यावर मात्र मॅनेजरला हे सांगता येत नाही. ‘तुझं काम चांगलं होतं, पण मी तुझ्यासाठी भांडायला कमी पडलो’ असं कोणता मॅनेजर म्हणेल? मग तो वर्षभरात कधी न काढलेली कारणं शोधतो: संवादकौशल्य वाढवा, पुढाकार घ्या, लोकांच्या नजरेत या. ऐकणाऱ्याला कळतं की हे बनावट आहे, आणि तिथून विश्वास जातो. मी पाहिलेल्या राजीनाम्यांत असे कितीतरी होते, ज्यांत पैशापेक्षा त्या दहा मिनिटांच्या खोट्या बोलण्याचा राग मोठा होता.

सक्तीची उतरंड, म्हणजे ठरावीक टक्के लोक खालच्या रांगेत बसवलेच पाहिजेत हा नियम, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात गाजला. वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १०. खालच्या दहांनी सुधारायचं नाही तर निघायचं. नंतर त्याचं अनुकरण जगभर झालं. मायक्रोसॉफ्टने अशीच पद्धत बरीच वर्षं चालवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती बंद केली. त्या पद्धतीबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांची मुख्य तक्रार समजून घेण्यासारखी आहे: प्रतिस्पर्धी कंपनीशी लढण्याऐवजी आम्ही एकमेकांशी लढत होतो. हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांच्या टीममध्ये जायला नाखूश असत, कारण तिथे कोणीतरी खाली जाणारच. शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे आपलं रेटिंग त्याच्या हाती देणं. नियम बदलला की स्वभावही हळूहळू बदलतो. पण ‘हळूहळू’ या शब्दावर जोर द्या. बेल कर्व्ह, म्हणजे थोडे वर, थोडे खाली आणि बाकीचे मधे अशी ही ठरावीक वाटणी, कागदावरून काढल्यावरही जुने मॅनेजर डोक्यातला कर्व्ह बरीच वर्षं सांभाळून असतात, आणि बजेट ठरलेलं असल्यामुळे तो त्यांच्या कामीही येतो.

कंपनीच्या घडणीची दुसरी मोठी खूण म्हणजे वाईट बातमीचं काय होतं. कामाला उशीर होतोय, ग्राहक नाराज आहे, आकडा जुळत नाही, ही बातमी खालच्या माणसाला सगळ्यात आधी कळते. मोठ्या कंपनीत ती चार-पाच थरांतून वर जाते आणि प्रत्येक थर तिला थोडी गुळगुळीत करतो. खाली लाल असलेला स्टेटस रिपोर्ट एका पायरीवर पिवळा होतो, पुढच्या पायरीवर हिरवा. मग वरच्या बैठकीत सगळं हिरवं दिसतं आणि खालचे लोक म्हणतात, मॅनेजमेंटला जमिनीवर काय चाललंय ते माहीतच नाही. खरंच माहीत नसतं. बातमी वर किती खरी पोचते, हे सांगणाऱ्याला शेवटच्या वेळी काय मिळालं होतं यावर अवलंबून असतं.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीम्सकडून चुका कमी होतील अशी अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले: चांगल्या नेतृत्वाखालच्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर लक्षात आलं की, तिथले लोक चुका उघडपणे सांगत होते. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. म्हणून एखादा मॅनेजर ‘आमच्या टीममध्ये काहीच प्रॉब्लेम नाही’ असं हसत हसत सांगतो, तेव्हा माझे कान टवकारतात.

बातमी दडपण्याची सवय आणि अशक्य टार्गेट एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण वेल्स फार्गो ही अमेरिकन बँक. प्रत्येक ग्राहकाच्या घरात बँकेच्या आठ सेवा गेल्या पाहिजेत असा आग्रह होता, त्याचं ‘एट इज ग्रेट’ असं घोषवाक्यही होतं. शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी टार्गेट गाठायला ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या कारणावरून काढल्याचं बाहेर आलं. एवढी माणसं एकाच प्रकारची लबाडी करतात तेव्हा पाच हजार नासके लोक योगायोगाने एका बँकेत जमले, असं मानायचं का? फसवणुकीच्या संशयाची तक्रार करणाऱ्या एका मॅनेजरला बँकेने काढून टाकलं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याला त्याला परत घेण्याचा आणि सुमारे ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश द्यावा लागला. २०२० मध्ये बँकेने ३०० कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. त्या काळात त्या बँकेतल्या कोणालाही विचारलं असतं, तर शाखेतल्या माणसाने ‘टार्गेटने जीव नकोसा केलाय’ असं सांगितलं असतं आणि मुख्यालयातल्या एखाद्याने ‘उत्तम कंपनी’. दोघंही खरंच बोलले असते.

आता अनुभव ऐकताना किंवा वाचताना चाळणी कशी लावायची ते पाहू.

बोलतं कोण, हे आधी लक्षात घ्या. आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की, संस्था बिघडायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि संस्थेवरची निष्ठा यातली कोणती वाट निवडली जाईल ते ठरवते. निघून गेलेला माणूस मोकळेपणी बोलतो, पण जखम ताजी असेल तर तिखट बोलतो. आत असलेला सांभाळून बोलतो. मधले, ज्यांचं बरं चाललंय, ते बोलतच नाहीत, कारण त्यांना बोलण्यासारखं काही वाटत नाही. कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल मतं लिहितात त्या ग्लासडोअर या वेबसाइटवरच्या मतांवर २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: स्वतःहून लिहिणाऱ्यांची मतं दोन टोकांना जास्त झुकतात, आणि इतरांची मतं वाचण्यासाठी स्वतःचं मत द्यावं लागेल अशी अट घातली की ती मधल्या जागी सरकतात. तेव्हा सरासरी गुण बघून निर्णय घेऊ नका. मधले, कंटाळवाणे वाटणारे अनुभव शोधून वाचा.

विशेषणं वगळून वाचा. ‘टॉक्सिक’, ‘फॅमिलीसारखं’, ‘राजकारण’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘रजा मंजूर असूनही सुट्टीत लॅपटॉप घेऊन जायला सांगतात’, ‘दुसऱ्या विभागात जायला मॅनेजरची परवानगी लागते आणि ती मिळत नाही’, ‘तीन वर्षांत माझे चार मॅनेजर बदलले’ ही वाक्यं कामाची. यातलं शेवटचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. सतत रिऑर्ग, म्हणजे विभागांची फेररचना होणाऱ्या कंपनीत वाईट मॅनेजर असण्यापेक्षा कोणीच मॅनेजर नसल्यासारखी अवस्था होते. तुम्ही काय केलंत हे आठवणारा माणूस कॅलिब्रेशनच्या खोलीत नसतोच.

पगार कमी, काम जास्त ही तक्रार जवळपास सगळीकडे सापडेल, तिच्यावर फार वेळ घालवू नका. आणि एकाच आठवड्यात एकाच सुरातली भरभरून कौतुकं आली असतील, तर एचआरने ‘दोन शब्द लिहा’ असा मेल पाठवला होता असं समजा. मी स्वतः असे मेल जाताना पाहिले आहेत.

एचआरबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. एचआरमधली बहुतेक माणसं चांगली असतात, पण ती कंपनीची असतात. मॅनेजरमुळे कंपनी कायदेशीर अडचणीत येईल असं काही असेल, तर एचआर तुमच्या बाजूने वेगाने हलेल. मॅनेजर फक्त रूक्ष आणि अन्यायी असेल, तर तुम्हाला चहा मिळेल, सहानुभूती मिळेल आणि बहुधा काही होणार नाही. ‘अनामिक’ सर्वेक्षणाचंही तसंच. चांगल्या सर्वेक्षणात ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचे आकडे मॅनेजरला दाखवत नाहीत, पण मोकळ्या रकान्यात लिहिलेली भाषा ओळखू येते. सहा जणांच्या टीममध्ये तर नक्कीच येते. आकडे मोकळेपणी भरा, रकान्यात लिहिताना घटना ओळखीच्या ठेवू नका.

तुमच्या हातात आत्ता मुलाखतीचे उरलेले टप्पे आहेत, आणि तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत. ही जागा नवी आहे की कोणी सोडली, आणि सोडली असेल तर तो माणूस आता कुठे आहे? कंपनीतच वरच्या जागी गेला असेल तर उत्तम. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही उत्तरच. या टीममधून गेल्या वर्षात दुसऱ्या विभागात किती जण गेले? चांगला मॅनेजर हे अभिमानाने सांगतो, बाकीचे याला गळती समजतात. गेल्या वेळी एखादं मोठं काम ठरल्या तारखेला झालं नाही, तेव्हा काय केलंत? इथे घटना सांगणारा मॅनेजर आणि तत्त्वं सांगणारा मॅनेजर यांतला फरक तुम्हाला लगेच जाणवेल. आणि मॅनेजर हजर नसताना भावी सहकाऱ्यांपैकी एकाशी अर्धा तास बोलू द्या, अशी विनंती करा. मोठ्या कंपनीत ही विनंती अजिबात विचित्र मानली जात नाही. विचित्र मानली गेली, तर तुमचं काम झालं.

आधीच अशा ठिकाणी अडकलेल्यांसाठीही थोडं. कंपनी वाईट आहे की मॅनेजर, हे आधी वेगळं करा. शेजारच्या टीममध्ये बसायला तुम्हाला आवडेल असं वाटत असेल, तर प्रश्न मॅनेजरचा आहे आणि अंतर्गत बदली हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तिचा नियम एचआर पोर्टलवर नीट वाचा: किती महिने पूर्ण हवेत, मंजुरी कोणाची लागते, आणि अर्ज केल्याचं मॅनेजरला कोणत्या टप्प्यावर कळतं. तोंडी दिलेली कामं आणि बदललेल्या तारखा त्याच दिवशी छोट्या मेलने पक्क्या करून ठेवा, सूर आरोपाचा नको, ‘आज ठरलं ते असं’ एवढाच. अप्रेझलच्या महिनाभर आधी आपल्या कामाची अर्ध्या पानाची यादी मॅनेजरला द्या. त्या खोलीत त्याला नेमकं हेच हवं असतं आणि बहुतेकांकडे ते नसतं.

पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा असं सांगणारा कागद, हातात आला, तर त्याचा अर्थ बऱ्याच वेळा निर्णय आधीच झालाय असा असतो. नेहमीच नाही, काही जण त्यातून बाहेर आलेले मी पाहिलेत, विशेषतः मधे मॅनेजर बदलला तेव्हा. म्हणून दिलेली उद्दिष्टं मोजता येतील अशी लेखी मागा, ती पूर्ण करायचा प्रयत्न करा, आणि पहिल्याच दिवसापासून बाहेर अर्ज सुरू करा. झोप उडाली असेल, रविवार दुपारपासून पोटात गोळा येत असेल, तर वाट पाहू नका. सततच्या कामाच्या ताणाने येणाऱ्या बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात जागा दिली, ती आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. म्हणजे तुम्हाला कितीही प्राणायाम करायला सांगितला, तरी मूळ कारण ऑफिसातच राहतं.

तुमच्या ऑफरकडे परत येतो. सही करण्याआधी रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव लेखी मागा. मोठ्या कंपन्यांत मुलाखत एक जण घेतो आणि रुजू झाल्यावर माणूस तिसऱ्याच्याच हाताखाली जातो, आणि मग वरची सगळी विचारपूस वाया. नाव मिळालं की तुम्हाला चांगलं आणि वाईट सांगणाऱ्या त्या दोघांना पुन्हा फोन करा आणि एवढंच विचारा: तुम्ही कोणत्या विभागात होतात, कोणत्या वर्षांत, आणि या माणसाला ओळखता का?